समोरच्या जागेवरून

१२ नोव्हेंबर १९५८, बुधवार. पाडवा. सकाळी सात.

आजपासून रोजनिशी. ही वही कुणी वाचायची नाही. हिला बजावून ठेवलं. ही म्हणाली, मले वाचाले येळ कुठं आहे. हे उत्तर मला जरा तयार करून ठेवल्यासारखं वाटलं. वही कापसाच्या जिनातल्या माझ्या पेटीत ठेवायची, कुलूप लावून.

यंदा संकल्प एकच. आर्णीतल्या गाण्याची ग्रेड सुधारायची. वीस वर्षं जिनिंगमध्ये रुई पारखतो आहे. चिमूटभर रुई दोन अंगठ्यांत धरून ओढली की धागा किती लांब, कचरा किती, ओल किती, हे मी डोळे मिटून सांगतो. माझ्या शब्दावर गेलेली रुईची एकही गाठ मुंबईहून परत आलेली नाही. रुई पारखणाऱ्याला गाणं का पारखता येऊ नये? धागाच तो. गळ्यातून निघतो एवढंच.

गाणं म्हणजे इथं नानाजी गुरुजींचा वर्ग. ड्रॉइंग मास्तर म्हणून रिटायर झाले आणि आता शाळेच्या मागच्या खोलीत संध्याकाळी सहा ते आठ गाणं शिकवतात. तबल्याला फुलचंद, सायकल दुकानवाला. मी आठ वर्षं रोज ऐकायला जातो. मला दाराजवळ बसवतात. दाराजवळ वारा चांगला येतो असं गुरुजी म्हणतात. हिवाळ्यातही म्हणतात.

१७ नोव्हेंबर, सोमवार.

मोठी बातमी. हरिसिंगला नागपूर आकाशवाणीचं बोलावणं आलं. १० फेब्रुवारीला ऑडिशन. हरिसिंग म्हणजे बंजाऱ्यांच्या तांड्यावरच्या देवसिंगचा मोठा मुलगा, प्राथमिक शाळेत मास्तर. शाळा सुटली की सायकल मारत वर्गाला येतो, नऊ वर्षं झाली, एक दिवस चुकला नाही. पास झाला तर आमच्या वर्गातून रेडिओवर गाणारा पहिला माणूस. गुरुजींना आता डोळ्यांनी कमी दिसतं. आज म्हणाले, एकाचा तरी आवाज रेडिओतून ऐकू दे, मग बाजाची पेटी बंद केली तरी चालेल. नापास झाला तर पुन्हा बोलावणं केव्हा येईल कुणास ठाऊक, आणि तोवर गुरुजी तरी असतील का.

म्हणजे वेळ थोडा, काम पुष्कळ. मी लक्ष घालायचं ठरवलं आहे. विधायक सूचना द्यायच्या. हा शब्द पेपरात वाचला. नुसतं वाईट म्हणायचं नाही, चांगलं कसं करायचं तेही सांगायचं. जिनात ग्रेड लिहायच्या चिठ्ठ्या असतात, त्यांच्या मागच्या बाजूला लिहून देईन.

१८ नोव्हेंबर.

सूचना क्र. १ ते ४ दिल्या. आवाज जाड आहे, बारीक करावा. तान लवकर संपते, लांबवावी. गाताना डोळे मिटतो, त्यामुळे ऐकणाऱ्याला वाटतं याला झोप आली. उदास रागात चेहरा उदास दिसत नाही, तेव्हा घरातलं एखादं दुःख आठवावं, बैल दगावल्याचं वगैरे.

हरिसिंगनं चिठ्ठी दोन्ही हातांनी घेतली, कपाळाला लावली, खिशात ठेवली. नम्र आहे. इतक्या नम्र माणसाचा मला डाउट येतो.

२० नोव्हेंबर, गुरुवार. रात्रीचं जेवण व्हायच्या आधी.

आजचा प्रकार नीट लिहून ठेवला पाहिजे.

सम म्हणजे तालाची पहिली मात्रा. गवई कितीही भटकू दे, फिरून त्याच जागी पाय ठेवतो. तबलाही तिथंच येतो. आणि जाणकार नेमका त्याच क्षणी 'वा' म्हणतो. अडाण्याला ही जागा सापडत नाही. मला सापडते. कशी, ते सांगता येत नाही. आतून येतं.

आज मी दारापासून पुढे सरकून बसलो होतो. हरिसिंग संथ ख्याल गात होता. आतून आलं, मी मोठ्यानं 'वा' म्हटलं. तर हा गडबडला. सुटलाच तालातून. फुलचंदनं दोनचार ठोके जास्त देऊन सांभाळून घेतलं. म्हणजे मी दाद दिली तेव्हा हा समेवर नव्हताच. तालात कच्चा आहे. मी नसतो तर हे कुणाच्या ध्यानात आलं नसतं.

गुरुजी बराच वेळ माझ्याकडे बघत राहिले. जाताना म्हणाले, सदाशिवराव, उद्यापासून तुम्ही हरिसिंगच्या बरोबर समोर बसा, दोन हातांवर. दाद मोकळेपणानं द्या, राखून ठेवू नका.

आठ वर्षं दाराजवळ. आता एकदम समोर. काहून?

२१ नोव्हेंबर.

दिवसभर जिनात तोच विचार. गुरुजींना जिनाचं आवार कार्यक्रमासाठी पाहिजे असेल. किंवा पोरगा पास झाला तर श्रेय आपल्याला आणि नापास झाला तर सदाशिवरावानं बिघडवला, अशी सोय करून ठेवत असतील. हिला विचारलं. ही म्हणाली, समोर बसा म्हनतात तं बसा ना बाप्पा, कायले डोकं शिणवता. ही फोडणी देत होती, तोंड तिकडे होतं. हसत होती की काय ते दिसलं नाही.

२८ नोव्हेंबर, शुक्रवार.

आठवडाभर समोर बसतो आहे. आज हरिसिंग माझ्या दादेला सात वेळा चुकला. गुरुजी त्याला रागावत नाहीत, नुसतं म्हणतात, पुन्हा. मला मात्र म्हणतात, तुमचं चालू द्या. गुरुजींना माझी किंमत उशिरा का होईना कळली.

एक गोष्ट खटकली. बाजाची पेटी डुगडुगत होती म्हणून तिच्या एका कोपऱ्याखाली कागदाची घडी घातली होती. ओढून पाहिली. सूचना क्र. ५ ते ९. हरिसिंग म्हणाला, चुकून ठेवली असंल भाऊ. हे काम फुलचंदचं. सायकलवाल्याला पाचर ठोकायची सवय असते.

३ डिसेंबर.

घड्याळ घेऊन गेलो. माझी दाद आणि फुलचंदची सम यांत अंतर किती पडतं ते मोजलं. कधी चार सेकंद आधी, कधी सहा सेकंद नंतर. एकदा तर नऊ. एकदाही बरोबर नाही. माझी दाद ठाम असते. म्हणजे हलते ती सम.

फुलचंद सम चोरतो. मी तोंड उघडतो आहे असं दिसलं की हात आवरतो, आणि माझं म्हणून झालं की मारतो. उद्देश काय? हरिसिंगला पाडायचं आणि माझी अब्रू घालवायची. एका दगडात दोन.

९ डिसेंबर, मंगळवार.

फुलचंदच्या दुकानावर गेलतो. सायकलचं मागचं चाक उलटं धरून तारा कसत होता. मी आडवळणानं विचारलं की काही माणसं समेत फेरफार करतात, असं ऐकण्यात आलं आहे. तो म्हणाला, सम काय माह्या घरची आहे भाऊ, इकून उचलली अन् तिकडे ठेवली? मग मला बसायला स्टूल दिलं आणि चहा मागवला. माझ्या सायकलची चेन फुकट साफ करून दिली. चोर माणूस एवढी सेवा उगीच करत नाही.

सूचना क्र. १४ मध्ये हरिसिंगला लिहिलं की तबलजी बदलावा. चिठ्ठी त्याच्या हातात दिली, पेटीजवळ ठेवू दिली नाही.

१५ डिसेंबर.

सर्दी. घसा पूर्ण बसला. गेलो नाही.

१६ डिसेंबर.

गेलो नाही. संध्याकाळी फुलचंद दारात हजर. गुरुजींनी पाठवलं, तुम्ही पाहिजे म्हणतात. मी खुणेनं सांगितलं की आवाज नाही. फुलचंदचा चेहरा पडला. म्हणाला, आवाज नाही तं मंग येऊन उपयोग नाही.

अर्ध्या तासानं गुरुजींनी आलं, गूळ आणि काढ्याची पुडी पाठवली. निरोप होता की लवकर बरे व्हा, दोन महिनेसुद्धा राहिले नाहीत. हिनं काढा केला. म्हणाली, तुमच्या घशाची एवढी काळजी मीही कधी केली नाही. हिच्या बोलण्यात काहीतरी होतं. मला सांगता येत नाही, पण होतं. काढा कडू होता, सगळा प्यालो.

२२ डिसेंबर, सोमवार.

घसा सुटला. आज बावीस वेळा दाद दिली. हरिसिंग तीनदाच चुकला. सूचनांचा परिणाम दिसू लागला, विशेषतः क्र. ११ चा (बसताना पाठ ताठ ठेवावी).

४ जानेवारी १९५९, रविवार.

तांड्यावर जाऊन आलो. काम नाजूक होतं. हरिसिंगच्या गळ्यात मला तांड्याचा सूर ऐकू येतो, आणि तो कुठून येतो याचा मी शोध लावला. त्याची याडी, म्हणजे आई, लालीबाई, दिवसभर काम करताना गाते. शास्त्रीय गळ्याला हे बरं नव्हे. तेव्हा ऑडिशन होईपर्यंत तिनं घरात गाऊ नये, अशी विधायक सूचना द्यायची होती.

देवसिंगनं खाट टाकली. लालीबाईनं चहा दिला. मी मुद्दा मांडला. ती रागावली नाही. म्हणाली, त्याले मी गाऊन गाऊनच निजवलं भाऊ, आता त्याच्यातून कशी काढू? मग सासरी गेलेल्या लेकीच्या आठवणीचं एक गाणं म्हणून दाखवलं, हे काढायचं का ते तुम्हीच सांगा म्हणाली. गाणं काय आहे ते मला समजलं नाही, पण चहाचा कप हातातच राहिला. न राहवून 'वा' म्हटलं. लालीबाई थांबली, ओढणी तोंडावर धरून हसायला लागली, आणि हरिसिंगला त्यांच्या बोलीत काहीतरी म्हणाली. मी त्याला विचारलं, काय म्हणते. तो म्हणाला, याडी म्हनते भाऊ लय मनापासून ऐकते.

तिचं वाक्य याच्यापेक्षा बरंच लांब होतं.

निघताना देवसिंगनं कापसाचा ढीग दाखवला. वेचा तिसरा आहे, भाव कसा येईल ते विचारत होता. मी चिमूट ओढून सांगितलं, धागा चांगला आहे, खालच्या ढिगात ओल आहे, दोन दिवस उन्हात टाक, मग आण. तो लगेच पोरांना हाक मारून ढीग पसरायला लागला. एक शब्द उलटून बोलला नाही. कापसाच्या बाबतीत असं आणि गाण्याच्या बाबतीत तसं. विषय बदलण्यात ही माणसं हुशार.

१२ जानेवारी, सोमवार.

आता वेगळाच प्रॉब्लेम. हरिसिंग माझ्या दादेकडे लक्षच देत नाही. आज पंचवीस वेळा 'वा' म्हटलं, हा एकदाही हलला नाही. भिंतीसमोर बोलावं तसं. पूर्वी माझ्या एका शब्दानं हादरत होता. गर्व चढला. रेडिओचं बोलावणं आल्यावर माणूस असा होतो.

आणि गुरुजी खूश! पाठीवर थाप मारली त्याच्या. गुरुजींचं वय झालं.

१४ जानेवारी. संक्रांत.

तिळगूळ वाटला. फुलचंदलाही दिला, कारण माणसानं मनात काही ठेवू नये. त्यानंही दिला. घरी आणून हिला आधी खायला दिला.

संकल्प: उद्यापासून दाद बंद. मौन. गर्विष्ठ माणसाला कळू दे की आपण कुणामुळे उभे आहोत.

१५ जानेवारी.

मौन पाळलं. हरिसिंग दोन तास सरळ गायला. वर्ग संपल्यावर गुरुजी माझ्याजवळ येऊन बसले. माझा हात हातात घेतला. म्हणाले, सदाशिवराव, काही चुकलं का आमचं? अशा वेळी हात आखडू नका. पोराचं सगळं तुमच्यावर आहे.

मला भरून आलं. खरंच आलं, वहीत खोटं लिहून काय करू. हे वाक्य ऐकण्यासाठी मी आठ वर्षं त्या दाराजवळ कुडकुडलो.

१६ जानेवारी.

दाद पुन्हा सुरू. गुरुजी म्हणाले, मांडीवर थाप मारून ताल धरलात तरी चालेल, जरा जोरात. धरला. फुलचंदनं डोळे मिटून घेतले. पापी माणूस नजर देत नाही.

२ फेब्रुवारी.

मांडी काळीनिळी झाली आहे. हिनं तेल लावून दिलं. हरिसिंग दगडासारखा. काही केल्या हलत नाही. मला त्याची काळजी वाटते. इतकं मार्गदर्शन एकदम बंद झालं आणि आकाशवाणीत एकटा सापडला तर? मीही नागपूरला जाणार. मालकाला सांगितलं, सीझन असला तरी दोन दिवस पाहिजेत.

१० फेब्रुवारी, मंगळवार. नागपूर.

मोटारीनं आलो, अंग आंबलं. वाटेत सूचना क्र. ३१ ते ३८ तोंडी दिल्या. हरिसिंग खिडकीबाहेर बघत हाव, हाव म्हणत होता.

एक बरं झालं. तबलजी तिथलाच असतो, म्हणजे फुलचंदचा डाव फसला. दुसरं वाईट झालं. दारावरच्या माणसानं विचारलं, तुम्ही कोण? मी म्हणालो, मार्गदर्शक. तो म्हणाला, गाणाऱ्यानंच आत जायचं. विनवणी केली, उपयोग झाला नाही. हरिसिंग आत जाताना मागे वळून माझ्या पाया पडला. मी त्याच्या डोक्यावर हात ठेवला. हात ओला झाला, त्याला घाम फुटला होता. पोराचं घर, गुरुजी, तांडा, सगळं त्या दारामागे गेलं आणि मी बाहेर बाकावर.

आतलं काहीच ऐकू येत नव्हतं. मी अंदाजानं दाद देत होतो. तिसऱ्या वेळी तो दारावरचा माणूस आला आणि मला आवाराबाहेर झाडाखाली बसवून गेला.

पोरगा बाहेर आल्यावर विचारलं, कसं झालं? हरिसिंग म्हणाला, निरा शांत शांत वाटलं भाऊ. मी ओळखलं. पडला.

१४ मार्च, शनिवार.

कागद आला. पास. ग्रेड बी.

बी का? माझ्या मते ए द्यायला हरकत नव्हती. दारावरच्या माणसानं आत काही कळवलं की काय? पण पास. गुरुजींनी कागद डोळ्यांपाशी नेऊन दोनदा वाचला आणि मग डोळे पुसत बसले. मीही पुसले. पुढच्या रविवारी शाळेत सत्कार. मला पुढच्या रांगेत बसायला सांगितलं आहे. भाषण तयार करतो आहे. विषय: श्रोत्याची जबाबदारी.

२२ मार्च, रविवार. संध्याकाळ.

लिहावंसं वाटत नाही. पण लिहितो.

सगळं गाव होतं. तांड्यावरून दोन बैलगाड्या आल्या होत्या. गुरुजींचा सत्कार झाला, हरिसिंगचा झाला. मग हरिसिंग बोलायला उभा राहिला. भाषणाचा कागद माझ्या खिशात होता, माझं नाव त्याच्यानंतर. गुरुजींचे आभार मानले, याडीचे मानले, फुलचंदचे मानले. मग माझ्याकडे हात करून म्हणाला:

"नागपूरले तबलेवाले नवे होते, समोर काच होती, लाल दिवा होता. पण मले भेव वाटलं नाही. तीन महिने सदाशिवभाऊ माह्यासमोर बसून भलत्याच जागी वा म्हनत होते. गुरुजी म्हनत, याहीच्या वा मधून जो समेवर येईल त्याले दुनियेत कोनी हलवू शकत नाही. घसा सुटल्याबरोबर भाऊनं पुन्हा सुरू केलं, मांडी सुजली तरी सोडलं नाही. असं कोनी कोनासाठी करत नाही."

मग खाली उतरून सगळ्यांसमोर माझ्या पाया पडला.

मी लोकांकडे पाहिलं. कोणी हसलं नाही. टाळ्या वाजवत होते. हसण्यासारखं त्यांना नवीन काही नव्हतंच.

माझं नाव पुकारलं. मी हात जोडून नाही म्हटलं.

२३ मार्च.

हिला विचारलं, तुला माहीत होतं?

ही म्हणाली, हाव.

केव्हापासून?

"आपल्या लग्नात तुमी सनईवाल्याले दाद देलती ना, तवापासून."

म्हटलं, मग मला सांगितलं काहून नाही? ही म्हणाली, दोनदा सांगतलं. पयल्या खेपेस तुमी म्हनले, बाईमाणसाले ताल समजत नाही. दुसऱ्या खेपेस दोन दिवस जेवले नाही. मंग मी कायले सांगू.

मला यातलं काही आठवत नाही. पण दोन दिवस जेवलो नाही म्हणते, तर ते मी केलं असेल. मी तसा आहे.

वर्गाला गेलो नाही.

२६ मार्च.

होळी, रंग, सगळं झालं. घरातच होतो.

आज जिनात एक गाडी आली. चिमूट काढली, ओढली, धागा बघितला. आणि वीस वर्षांत पहिल्यांदा वाटलं, हे तरी बरोबर आहे का? इथंही सगळ्यांना माहीत असेल आणि कोणी सांगत नसेल तर? पुन्हा ओढली. तिसऱ्यांदा ओढली. गाडीवान म्हणाला, काय झालं भाऊ, कापूस खराब आहे का. आजवर सगळ्या जगाचा डाउट घेतला. स्वतःचा कधी घेतला नव्हता. फार वाईट लागतं.

१ एप्रिल, बुधवार.

देवसिंग शेवटचा कापूस घेऊन आला. मी ग्रेड सांगायला वेळ लावत होतो. म्हणालो, दुसऱ्या कुणाला दाखवायचं असेल तर दाखव. त्यानं एक चिमूट काढून माझ्याच हातावर ठेवली. म्हणाला, दुसऱ्याले कायले दाखवू? गाण्यात तुमी चुकता, ते सारा तांडा जाणते. कापसात चुकले असते तं तेही सांगतलं असतं ना तुमाले. आमी काय कापूस फुकट देतो?

हे पटलं. ग्रेड सांगितली. त्यानं गाडी लावली.

५ एप्रिल, रविवार.

गुरुजी स्वतः घरी आले, फुलचंदच्या हाताला धरून. हिनं पाट दिला. चहा घेतला. मग म्हणाले, मी तुम्हाला फसवलं सदाशिवराव, तुमच्यापाशी कबूल करायला आलो. आठ वर्षं तुम्हाला दाराजवळ बसवलं, पोरं चुकतात म्हणून. मग त्या दिवशी डोक्यात आलं की याच माणसासमोर जो टिकेल तो कुठंही टिकेल. तुम्हाला सांगणार होतो. पण भीती वाटली.

मी विचारलं, माझ्या रागाची?

"नाही हो. सांगितलं तर तुम्ही सुधाराल, याची."

फुलचंद खाली बघायला लागला. हिनं पदर तोंडाला लावला. मलाही हसू आलं, पण दाखवलं नाही. गुरुजी म्हणाले, आता मुलींच्या शाळेतल्या नंदाबाई आहेत, पुढच्या वर्षी त्यांचा रेडिओला अर्ज करायचा आहे. गळा हरिसिंगपेक्षा गोड, पण ताल हलतो. तुम्ही आलात तर होईल. हा मान नाही, हे मला ठाऊक आहे. तरी या.

नाही म्हटलं. मलाही काही अब्रू आहे.

६ एप्रिल.

फुलचंदच्या दुकानावर गेलो. समेच्या चोरीबद्दल माफी मागितली. तो म्हणाला, सोडा भाऊ. मग मी दुकानात दुसरं कोणी नाही असं पाहून विचारलं, सम कशी मोजतात? त्यानं हसू आवरलं. आवरलं हे मला दिसलं, आणि बरं वाटलं. सायकलच्या सीटवर बोटांनी बारा मात्रा वाजवून दाखवल्या. मग माझा हात धरून वाजवल्या. उद्यापासून रोज दुपारी अर्धा तास. सूचना देणार नाही, घेणार.

ठरलं. वर्गात जायचं ते शिकून जायचं. नंदाबाईंसमोर बसायचं आणि बरोबर समेवर 'वा' म्हणायचं, एकदाच. गुरुजींनी बघावं.

१८ एप्रिल, शनिवार.

फुलचंद म्हणतो, आता जमते. हरिसिंगसमोर म्हणाला. हरिसिंगनंही हाव म्हटलं. दोघंही मला वाईट वाटू नये म्हणून बोलत असतील असा डाउट आला. तो मी बाजूला ठेवला. नवीन माणूस व्हायचं आहे.

२० एप्रिल, सोमवार.

सहा वाजता वर्गात. समोरची जागा रिकामी ठेवली होती. उकाडा फार. नंदाबाई गात होत्या, संथ, बारा मात्रांचं. मी उपरण्याखाली बोटं ठेवून मोजलं. बारा. पुन्हा बारा. घाई केली नाही. तिसरी फेरीही मोजून घेतली. चौथ्या फेरीला पूर्ण खात्री झाली, आणि मी 'वा' म्हटलं. मोठ्यानं नाही, जाणकार म्हणतो तसं.

नंदाबाई जराशा डगमगल्या, पण थांबल्या नाहीत. गात गात पुढे गेल्या, आणि बऱ्याच वेळानं त्या आणि फुलचंदचा हात एका जागी आले. फुलचंदनं माझ्याकडे पाहिलं नाही.

गुरुजी डोळे मिटून ऐकत होते. त्यांनी डोळे उघडले, माझ्याकडे वळले आणि समाधानानं मान हलवली. म्हणाले, "वा, सदाशिवराव."

आठ वर्षांत त्यांनी मला दिलेली ही पहिली दाद. मी बोटं उपरण्याखालून काढली, मोजणं सोडून दिलं, आणि आठ वाजेपर्यंत मोकळेपणानं 'वा' म्हणत बसलो.